तुझी पंधराव्या शतकातली माणसं

ताई, तू शनिवारी गेलीस आणि बुधवारी तुझ्या वर्गावर दुसरा माणूस उभा होता.

मला हे रॉयने सांगितलं. तुझा रॉय, कापडगिरणी बंद पडल्यावर पन्नाशीला कॉलेजात आलेला आणि आता त्याच कॉलेजात मेन्टेनन्सला लागलेला. जाता जाता त्याने दारातून डोकावून बघितलं म्हणे. “माणूस वाईट नाही, मॅम,” तो फोनवर म्हणाला, “पण स्लाइडवर आहे तेच वाचून दाखवतो.” डिपार्टमेंटने विद्यार्थ्यांना पाठवलेली ईमेलही त्याने कुणाकडून तरी मिळवून मला फॉरवर्ड केली. तीन ओळी. पहिल्या ओळीत तू गेलीस. दुसरीत वर्ग नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या वेळी. तिसरीत मिडटर्मची तारीख बदललेली नाही. आणि ‘वसुधा’चं स्पेलिंग चुकलेलं. सहा वर्षं तू तिथे शिकवलंस, आणि तू मेल्यावरही त्यांना तुझं नाव धड लिहिता आलं नाही.

मी ती ईमेल प्रिंट करून फ्रिजवर लावली. श्रीकांतने काढली. मी परत लावली. आता तो बघूनही न बघितल्यासारखं करतो आणि दूध काढून घेतो.

इथल्या मैत्रिणी मला समजावतात. अँगर ही एक स्टेज असते, मंजू, पास होईल. मला ती पास व्हायला नकोय. रडणाऱ्या बाईला सगळे टिश्यू देतात आणि पुढे जातात. रागावलेल्या बाईपाशी निदान थोडं थांबावं लागतं. मला कॉलेजचा राग आहे, बाबांचा आहे, आणि तुझा तर इतका आहे की तुझा फोटो मी अजून भिंतीवर लावलेला नाही. तू हसतेयस त्यात. मला तुझं हसणं सध्या सहन होत नाही.

आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आलो तो पहिला हिवाळा तुला आठवत असेल. श्रीकांतचा व्हिसा कामाचा, माझा त्याच्या बायकोचा. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली मी, इथे दुपारभर खिडकीत उभी राहून पार्किंग लॉटमध्ये कोण आलं, कोण गेलं ते बघायचे. तू एक दिवस आलीस, माझ्या छोट्या ईशाला शेजारच्या काकूंकडे सोडलंस आणि मला म्हणालीस, “बूट घाल.”

“कुठे जायचंय?”

“माझ्या वर्गात. मागच्या बाकावर बसायचं आणि तोंड पाडायचं नाही.”

एक तासाचा रस्ता होता. वाटेत मी तुला सांगितलं की शाळेत ‘युरोपातील प्रबोधनाची कारणे लिहा’ हा प्रश्न मला नेहमी पूर्ण मार्क मिळवून द्यायचा. मी पाचही कारणं घडाघडा म्हणून दाखवली. तू गाडी चालवता चालवता हसलीस आणि म्हणालीस, “छान. आता त्यातलं एकही लक्षात ठेवू नकोस.”

वर्गात बावीस-तेवीस जण होते. रात्रपाळी करून आलेल्या नर्सिंग असिस्टंट, दोन-तीन विशीतली पोरं, आणि गिरणीतून घरी बसवलेली मोठी माणसं, ज्यांना सरकारने नवं काहीतरी शिका म्हणून कॉलेजात धाडलं होतं. त्यांना पदवीपुरतं क्रेडिट हवं होतं, पंधरावं शतक नव्हे. तू त्यांना एकेक कागद वाटलास. दीडशे वर्षांपूर्वीच्या इथल्या यादवी युद्धातल्या एका सैनिकाने बायकोला लिहिलेलं पत्र. थंडी, भूक, पायाला झालेली जखम, मुलांची आठवण. वाचता वाचता एका बाईचे डोळे भरले. तू विचारलंस, “हे पत्र खरं आहे का?”

सगळे तुझ्याकडे बघत राहिले. पत्र ते पत्र, त्यात खरं-खोटं काय?

“पुन्हा वाचा,” तू म्हणालीस. “हळू वाचा.”

माना परत कागदावर झुकल्या. मग मागून, माझ्याच शेजारून, एक जाडजूड माणूस म्हणाला, “मॅम, याने कोटाची झिप लावली असं लिहिलंय. मी एकतीस वर्षं कापडात काढली. तेव्हा कोटाला झिप नव्हती. बटणं होती.”

तो रॉय. मला तुझा तो चेहरा अजून दिसतो. इतका आनंद तुला कुणी मिठाई दिल्यावरही झालेला मी बघितला नव्हता.

मग तू त्यांना दानपत्राची गोष्ट सांगितलीस. पोपांकडे एक जुना कागद होता. कुठल्याशा सम्राटाने हजार वर्षांपूर्वी अर्ध्या युरोपावरचा हक्क त्यांना दिल्याचा. शतकानुशतकं त्या कागदापुढे राजे मान तुकवत आले. आणि मग पंधराव्या शतकात एक माणूस आला. त्याच्याकडे सैन्य नव्हतं, गादी नव्हती. त्याला फक्त लॅटिन उत्तम येत होतं. त्याने तो कागद हळू वाचला आणि म्हणाला, यातले शब्द त्या सम्राटाच्या काळात नव्हतेच. हे पुढे कधीतरी कुणीतरी लिहिलेलं आहे.

“म्हणजे त्याला झिप सापडली,” रॉय म्हणाला.

“बरोबर,” तू म्हणालीस. “शब्दाला वय असतं, हे त्या माणसांनी शोधलं. एकदा ते कळलं की मग कुठल्याही कागदाला तू किती वर्षांचा, असं विचारता येतं. पोपच्या कागदालासुद्धा. मध्ययुग असं संपत गेलं. तोफांनी नाही, या प्रश्नाने.”

परत येताना मी रस्त्याकडे बघत होते. मला वाटत होतं की मी इतकी वर्षं टेस्टिंग करत आले, दुसऱ्याच्या कोडमध्ये चूक कुठे आहे ते शोधत आले, आणि हे काम इतकं जुनं आणि इतकं मोठं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तुला हे बोलले नाही. तुला बरं वाटलं असतं. दोन वर्षांनी कामाची परवानगी मिळाल्यावर मी परत नोकरीला लागले ती त्या मागच्या बाकामुळे. नाहीतर मी त्या खिडकीतच राहिले असते. हेही तुला बोलले नाही.

तुझं-माझं भांडण मात्र मी कधी चुकवलं नाही. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर टीव्हीवर जो तो ‘मध्ययुगीन’ हा शब्द शिवीसारखा वापरायला लागला. तुझ्या वर्गातल्या एका पोराने तुला सरळ विचारलं की तुमच्या बाजूचे लोक अजून मध्ययुगातच आहेत ना? तू त्याला ओरडली नाहीस. तू म्हणालीस, ‘मध्य’ हे नाव त्या काळातल्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही, ते त्यांच्या नातवंडांनी दिलं. आम्ही थोर आणि जुने रोमन थोर, अधलेमधले सगळे अंधारात, असं सांगायला दिलं. माझीच माणसं ती, पण फार गर्विष्ठ होती. मी तुला त्याच आठवड्यात फोनवर म्हटलं होतं, “बाबा म्हणजे अगदी मध्ययुगीन आहेत.” त्यावर तू म्हणालीस, “नको गं, मध्ययुगाची बदनामी कशाला.” आपण दोघी हसून हसून दमलो होतो.

बाबांनी तुला काय म्हटलं होतं ते मला तोंडपाठ आहे. सांगलीच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. घटस्फोट झाल्यावर तू नोकरी धरायची सोडून युरोपच्या इतिहासात एम. ए. करायला निघालीस तेव्हा ते म्हणाले, “दुसऱ्यांच्या घरचं मोडकं सामान पुसत बसायचं असेल तर बस.” त्यानंतर दर रविवारी त्यांनी तुला फोनवर विचारलं ते काय, तर जेवलीस का, थंडी आहे का, गाडी नीट चालते का. चौदा वर्षांत एकदाही त्यांनी तू शिकवतेस काय हे विचारलं नाही. आणि तूही मानी. आपण होऊन सांगितलं नाहीस.

मी तुला चिडवायचे. “काय तो तुमचा मानवतावाद! माणूस केंद्रस्थानी, माणूस हेच सर्वस्व.”

“केंद्रस्थानी कुणी नव्हतं गं,” तू म्हणायचीस. “ते तत्त्वज्ञ नव्हते, मास्तर होते. व्याकरण शिकवायचे, पत्रं कशी लिहावी ते शिकवायचे. या शहरातून त्या शहरात, एकेका वर्षाच्या करारावर.”

“म्हणजे तुझ्यासारखे.”

“अगदी माझ्यासारखे. त्यांनाही ऑफिस नव्हतं.”

मग मी विचारायचे, आणि बायका? त्या सगळ्या गोष्टीत बायका कुठे होत्या? तू विषय बदलायचीस. एकदा सांगितलंस, होत्या. लॅटिन शिकलेल्या मुली होत्या. पंधरा-सोळाव्या वर्षी असं लिहायच्या की विद्वानांनी तोंडात बोट घालावं. मग विशीत त्यांना विचारलं जायचं, लग्न की मठ? पुस्तकं दोन्हीकडे बंद. कुणी दोन्ही नाकारलं तर तिच्याबद्दल गावभर घाण बोलायचे. मी म्हटलं, मग काय चाटायचाय तो मानवतावाद? तू म्हणालीस, “त्याचं उत्तर मी लिहितेय. पूर्ण झालं की तुला आधी देईन.” ते तुझं पूर्ण झालं नाही. दोन कॉलेजं, पाच वर्ग, आठवड्याला शंभर निबंध तपासायचे. ते कधी पूर्ण होणार होतं?

आणि आता ती दिवाळी. दोन हजार पाचची. मला ती लिहावी लागणार.

रविवारचं दुपारचं जेवण होतं, माझ्या घरी. श्रीकांतच्या ऑफिसातली दोन कुटुंबं आली होती. तू चकल्या करून आणल्या होत्यास. जेवताना त्यांच्यातले एक काका तुला सहज म्हणाले, “तुमचं ते टीचिंग अजून टेम्पररीच आहे का हो? इतकी वर्षं झाली.” तू म्हणालीस, हो, दर सेमिस्टरला नवं पत्र मिळतं. काकू म्हणाल्या, “अगंबाई! मग इन्शुरन्स वगैरे?” तू हसून म्हणालीस, “तब्येत ठणठणीत आहे माझी.”

मला लाज वाटली. खरं सांगते, ताई, मला तुझी लाज वाटली. माझं घर नवीन होतं, काउंटर ग्रॅनाइटचा होता, आणि माझी मोठी बहीण पाहुण्यांसमोर इन्शुरन्स नाही म्हणून हसत होती. मी म्हणाले, “तुझ्या त्या पंधराव्या शतकातल्या माणसांनी तुझ्यासाठी काय केलं गं? मेलेल्या लोकांपायी तू आपल्या आयुष्याचं वाटोळं करून घेतलंस. बाबा काही चूक बोलत नव्हते.”

बाबा चूक बोलत नव्हते. हे मी बोलले.

तू पानातला भात संपवलास. उठून ताट धुतलंस, रॅकमध्ये लावलंस. ईशाला जवळ घेतलंस. आणि मी भरून ठेवलेला फराळाचा डबा न घेता गेलीस. डबा तिथेच काउंटरवर. चार महिने तू आली नाहीस. नंतर आलीस तेव्हा परक्याच्या घरी जातात तशी आलीस. बेल वाजवून.

त्याच चार महिन्यांत तुला ती गाठ हाताला लागली होती.

हे मला पुढच्या ऑक्टोबरमध्ये कळलं, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. बायोप्सीचा रिपोर्ट आला होता, तुला एकटीने जायचं धैर्य झालं नाही म्हणून तू मला बोलावलंस. बाहेर आल्यावर गाडीत बसलो. मी किल्ली लावली नव्हती. मी विचारलं, “हे कधीपासून आहे?”

“जानेवारीपासून.”

“जानेवारी? ताई, आता ऑक्टोबर चालू आहे.”

“मला मोजता येतं, मंजू.”

“मग डॉक्टरकडे का गेली नाहीस?”

तेव्हा तू मला ते सगळं सांगितलंस, अगदी वर्गात समजावून सांगावं तसं. कॉलेजने सांगितलं होतं की ऑगस्टपासून पूर्णवेळ जागा निघतेय आणि ती तुलाच. पूर्णवेळ म्हणजे इन्शुरन्स. पण इन्शुरन्स मिळायच्या आधी गाठीची कुठे नोंद झाली असती तर तो आधीपासूनचा आजार ठरला असता आणि कंपनीने वर्षभर हात वर केले असते. म्हणून थांबायचं. कुणाला दाखवायचं नाही, कुठे लिहून ठेवायचं नाही. ऑगस्टपर्यंत थांबलं की झालं. “सात महिने,” तू म्हणालीस. “मला वाटलं, सात महिन्यांत काय होतंय.”

“आणि ऑगस्टमध्ये?”

“ऑगस्टमध्ये ती जागा रद्द झाली. बजेट.”

ताई, मी तिथे गाडीत ओरडले. शेजारच्या गाडीतली बाई वळून बघायला लागली. मी म्हणाले, मला का नाही सांगितलंस, मी दहा मिनिटांवर राहते, मी तुझी बहीण आहे, तुला एका फोनवर डॉक्टरकडे नेलं असतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, “सांगणार होते. दोनदा फोन उचलला होता.”

“मग?”

“मग ठेवला.”

का ठेवलास ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं. मी किल्ली फिरवली आणि आपण घरी आलो.

मी तुझ्यावर इतकी चिडलेली आहे की कधीकधी भांडी घासताना तुझ्याशी मोठ्याने भांडते. कागदावर लिहिलेलं सगळं खरं नसतं हे जन्मभर शिकवणारी तू. आणि कॉलेजने तोंडी सांगितलेल्या एका वाक्यावर विश्वास ठेवून सात महिने थांबलीस? त्या वाक्यातली झिप तुला दिसली नाही? रॉयला दिसली असती. तू त्याला विचारायचंस.

आणि त्यानंतरचे पाच महिने. त्यांचं काय करू? मी दर दुसऱ्या मंगळवारी तुला केमोला नेत होते. चार-चार तास शेजारी बसत होते. आपण किती बोललो! सूप कुठलं बरं, पार्किंग कुठे मिळतं, ईशाला ब्रेसेस लागणार का. मी तुला टोपी विणून आणली, ती तुला मोठी झाली, त्यावर दहा मिनिटं बोललो. पण दिवाळीबद्दल एक शब्द नाही. दर वेळी निघताना मी ठरवायचे की आज म्हणायचं, आज म्हणायचं. मग तू म्हणायचीस, “मंजू, जरा ते निबंध दे ना इकडे,” आणि हाताला सुई लावलेली असताना दुसऱ्या हाताने तपासत बसायचीस. तू जायच्या आदल्या गुरुवारीसुद्धा शिकवून आलीस. शनिवारी सकाळी फोनवर छातीत कळ आली म्हणालीस. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. मी पोचेपर्यंत संपलं होतं. मला वाटलं होतं, निदान अजून पुष्कळ मंगळवार आहेत.

चौदाव्या दिवशी घरी माणसं जमली. सगळ्यांनी करून आणलं होतं, कुणी वाईट नव्हतं. पण तेच काका म्हणाले, “शेवटी सगळं त्याच्या हातात असतं. वेळ भरली की कुणाचं चालत नाही.” आणि मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, “वेळ भरली नव्हती, काका. ती सात महिने थांबली. एका नोकरीच्या पत्राची वाट बघत थांबली. आणि मला सांगितलं नाही, कारण मी तुमच्यासमोर याच टेबलावर तिचा अपमान केला होता. तुम्ही होतात. आठवतंय का?” कुणीतरी पोळ्या गरम करायला उठलं. काकांचा चेहरा उतरला, ते बिचारे पुटपुटले की मला आठवत नाही गं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्याखेरीज ते कुणालाच आठवत नाही.

फक्त ईशा माझ्याजवळ येऊन बसली. नऊ वर्षांची आहे आता. “आय लाइक्ड दॅट यू सेड इट,” ती म्हणाली. बस एवढंच.

गेल्या शनिवारी सकाळी मी तुझ्या गाडीची डिकी उघडली. कॉलेजने कधी खोली दिली नाही, म्हणून तुझं ऑफिस तीच होती. खोक्यांवर मार्करने नावं: गुरुवार-शुक्रवार, सोमवार-बुधवार, लॅटिन, मुली. ‘मुली’ लिहिलेल्या खोक्यात तुझं ते अर्धवट लिखाण आहे. ते मी अजून उघडलेलं नाही. दुसऱ्या एका खोक्यातून लेक्चरच्या नोट्स काढून स्वयंपाकघरात घेऊन बसले होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळ. आवाज बारीक झालाय त्यांचा, एक्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना येता आलं नाही.

“काय करतेस?”

“ताईचं सामान लावतेय. तिच्या नोट्स आहेत.”

“कसल्या नोट्स?”

“शिकवायच्या.”

बाबा म्हणाले, “काय शिकवायची गं ती? म्हणजे, नेमकं काय?”

माझं डोकंच फिरलं. “आता विचारताय, बाबा? चौदा वर्षं दर रविवारी फोन केलात. जेवलीस का, जेवलीस का. एकदा विचारायचं होतंत तिला. एकदा!”

त्यांनी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच उलट बोलले नाहीत. म्हणाले, “तू वाच. मला ऐकायचंय.”

मला फोन ठेवायचा होता. मी नाही ठेवला. वरचंच पान घेतलं आणि तुझं इंग्रजी मोडकंतोडकं मराठीत करत वाचायला लागले. छापखान्याच्या आधी प्रत्येक पुस्तक हाताने उतरवलं जाई. उतरवणारा चुकतो. पुढचा त्याची चूकसुद्धा उतरवतो. पंधराव्या शतकातली ती माणसं मठामठांतून जुन्या प्रती शोधत हिंडली, दोन-दोन, तीन-तीन प्रती शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून बघितला, की मूळ लेखकाने लिहिलं ते कुठलं आणि मधे कुणी घुसडलं ते कुठलं.

“थांब,” बाबा म्हणाले. “हे तर पाठभेद.”

“तुम्ही काय म्हणता ते मला माहीत नाही.”

“पाठभेद शिकवायची ती? मी दुसरं काय केलं आयुष्यभर?” त्यांचा आवाज एकदम वर गेला. आणि मला ते आठवलं, ताई. आपल्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तीन-तीन पोथ्या उघड्या टाकून बसलेले बाबा, कानामागे लाल पेन्सिल, आणि त्यांच्या शेजारी पोटावर पडून ओळीवर बोट धरणारी तू. मी नव्हते कधी त्यात. मी बाहेर खेळायचे. “दुसऱ्यांच्या घरचं” म्हणाले होते ते. घर एकच होतं, आणि दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. कुणाकुणावर चिडू मी?

“पुढे वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. मध्ययुगातल्या लेखनिकाला समोरची चूक दुरुस्त करायचा अधिकार वाटत नसे, तो बदल पहिल्यांदा या माणसांत झाला.

“चूक आहे,” बाबा म्हणाले.

“काय चूक आहे?”

“लेखनिक दुरुस्ती करत नाही असं कुणी सांगितलं तिला? करतो म्हणून तर सगळा घोटाळा! अडाणी लेखनिक परवडला, तो समोर दिसेल तसं उतरवतो. शहाणा लेखनिक वाईट. त्याला अर्थ लागला नाही की तो आपल्या पदरचं घालतो. मग खरा पाठ सापडतच नाही.”

“बाबा, तिने काहीतरी विचार करून लिहिलं असेल ना.”

“मग आधार काय दिलाय? पुढे बघ, आधार असेल.”

मी पान उलटलं. पुढे तुझ्या बारीक अक्षरात लॅटिन होतं, बाण होते, आकडे होते. मला काही कळेना. मी म्हणाले, तिचं म्हणणं असं असेल की ते लोक चोरून दुरुस्त करायचे आणि हे लोक उघडपणे. बाबा म्हणाले, “असेल असं नको. तिने लिहिलंय का तसं?” मी म्हणाले, मला वाचता येत नाहीये. मी म्हणाले, इथे काहीतरी खोडलंय. मी तुझ्या बाजूने जमेल तेवढं भांडले, ताई, आणि त्यांनी मला दोन वाक्यांत गप्प केलं, कारण उत्तर तुला येत होतं, मला येत नव्हतं. ते चांगलेच पेटले होते. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

“तुला नाही कळायचं हे,” बाबा म्हणाले. “फोन दे तिला.”